हें कशावरून? : ऐतिहासिक रहस्यकथांचें वाचन

रहस्यकथा वाचणें म्हणजे अभ्यासाच्या वेळेचा अपव्यय, असें पुष्कळ पालकांस वाटतें. आणि इतिहास म्हणजे सनावळीचें पाठांतर, असें पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें. हे दोन्ही ग्रह दूर करणारा वाङ्मयप्रकार म्हणजे ऐतिहासिक रहस्यकथा. तींत वाचकास जुन्या काळीं नेऊन तेथील एखादें कोडें सोडविण्यास लाविलें जातें. ‘हें कशावरून?’ असा जो प्रश्न कथेंतील शोधक पदोपदीं विचारतो, तोच इतिहासकाराचाही प्रश्न होय.

याचें एक चांगलें उदाहरण म्हणजे कॅरोलाइन लॉरेन्स या लेखिकेची ‘रोमन मिस्टरीज’ ही इंग्रजी कथामाला. तिचे सतरा भाग २००१ ते २००९ या काळांत प्रसिद्ध झाले. पहिल्या भागांतील कथा इ. स. ७९ मध्यें रोमजवळच्या ऑस्टिया बंदरांत घडते. शेजारच्या घरांतील राखणीचे कुत्रे कोणीतरी मारीत आहे. त्याचा छडा फ्लाव्हिया ही एका गलबताच्या कप्तानाची मुलगी लाविते. तिचे सोबती तीन : ज्यू कुटुंबांतील जोनाथन, मुका भिकारी मुलगा लूपस, आणि आफ्रिकेंतून पकडून आणिलेली न्यूबिया. या न्यूबियेस फ्लाव्हियेनें गुलामांच्या बाजारांतून विकत घेतलेलें असतें. रोमच्या वैभवाचें वर्णन पाठ्यपुस्तकांतही असतें; परंतु तें वैभव कोणाच्या श्रमांवर उभें होतें, हें आपल्याच वयाच्या मुलीची बाजारांत किंमत होतांना पाहिलें म्हणजे मनावर जसें ठसतें, तसें सनावळीनें ठसत नाहीं.

दुसऱ्या भागांत व्हेसूव्हिअस ज्वालामुखीचा स्फोट येतो. फ्लाव्हिया कल्पित आहे, पण हा प्रसंग खरा. धाकटा प्लिनी त्या वेळीं सतरा वर्षांचा होता. त्याचे मामा आरमाराचे अधिपति. ते संकटांत सांपडलेल्यांस सोडविण्यासाठीं गलबतें घेऊन निघाले. भाच्यानें मात्र अभ्यासासाठीं मागें राहणें पसंत केलें. मामा परत आले नाहींत. पुढें पुष्कळ वर्षांनीं प्लिनीनें इतिहासकार टॅसिटस यास दोन पत्रें लिहून हा वृत्तांत कळविला. तीं पत्रें आजही उपलब्ध आहेत.

आतां खरें रहस्य पाहा. पत्राच्या हस्तलिखित प्रतीवरून स्फोटाची तारीख २४ ऑगस्ट मानली जात असे, व कथेंतही ऑगस्ट महिनाच आहे. परंतु स्फोटांत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या उत्खननांत डाळिंबांसारखीं शरदांतील फळें व ऊब घेण्याच्या शेगड्या आढळल्यामुळें विद्वानांस शंका येत होती. २०१८ मध्यें तेथील एका घराच्या भिंतीवर कोळशानें लिहिलेली १७ ऑक्टोबर ही तारीख सांपडली. कोळशाचें अक्षर सहज पुसलें जातें. म्हणून तें त्याच वर्षीचें असावें व स्फोट त्यानंतर झाला असावा, असें अनेक संशोधक मानतात. तथापि भिंतीवर वर्ष लिहिलेलें नाहीं, ही गोष्टही विसरतां कामा नये.

विद्यार्थी मित्रहो, अशी कथा वाचतांना वहीच्या पानाचे दोन भाग करा. एका बाजूस लेखकाची कल्पना लिहा. दुसऱ्या बाजूस ज्यास पुरावा आहे तें लिहा, व तो पुरावा कोणता हेंही नमूद करा. पालकांनीं मधून मधून ती वही पाहावी. पुरावा मिळतांच जुनें मत बदलण्यास जो तयार असतो, आणि पुराव्यावांचून कोणावर आरोप करीत नाहीं, त्याचें वाचन सार्थकीं लागलें असें समजावें.