पक्षिनिरीक्षणाचा छंद

मोकळ्या हवेत जोपासावयाच्या छंदांत पक्षिनिरीक्षणाइतका सुलभ छंद क्वचितच आढळेल. भारतात पक्ष्यांच्या १,३०० हून अधिक जाती आहेत. त्यांतील कित्येक घरामागील झाडावर, गावच्या तळ्याकाठी किंवा शाळेच्या आवारातही दिसतात. पक्ष्याचे नाव ओळखता आले की आनंद होतो. परंतु तो काय करतो व का करतो हे पाहू लागल्यावर ह्या छंदाची खरी गोडी कळते.

सुगरण पक्ष्याचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात बाभळीच्या किंवा शिंदीच्या झाडांवर, पुष्कळदा पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना, ह्या चिमणीएवढ्या पक्ष्याची घरटी लोंबताना दिसतात. नाव सुगरण असले, तरी हे घरटे विणतो नर. गवताच्या व भाताच्या पात्यांच्या लांब चिरफळ्या काढून तो ते गुंफतो. घरटे अर्धे झाले म्हणजे माद्या पाहणीस येतात. एखादीने ते पसंत केले, तरच नर अंड्यांची खोली व प्रवेशाची नळी पूर्ण करतो. मादी अंडी उबवू लागली, की तो दुसऱ्या घरट्यास आरंभ करून दुसऱ्या मादीस आकर्षित करतो. डॉ. सालिम अली ह्यांनी १९३० साली अलिबागजवळील किहीम येथे तासन्‌तास निरीक्षण करून ही जीवनरीती उलगडली. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज पडली नाही. चिकाटी आणि नोंदवही एवढ्यावर काम भागले.

नोंदवहीचे महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीवरूनही ध्यानात येते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत सैबेरियन क्रौंच हिवाळा घालविण्यास येत असत. १९६४-६५ च्या हिवाळ्यात त्यांची संख्या सुमारे २०० होती. पुढे ती घटत गेली आणि २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर ते तेथे दिसले नाहीत. वर्षानुवर्षे मोजणी झाली होती, म्हणूनच हा ऱ्हास आकड्यांनी सांगता येतो. जे कोणी मोजलेच नाही, ते नाहीसे झाल्याचेही लवकर कळत नाही.

नवशिक्याने पहाटे अथवा सायंकाळी एकाच ठिकाणी नियमाने जावे. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास अडत नाही. दिनांक, वेळ, स्थळ, हवामान, पक्ष्यांची संख्या व त्यांचे वर्तन ही माहिती तेथल्या तेथे लिहून ठेवावी. ओळख न पटल्यास अंदाजाने नाव न लिहिता आकार, रंग, चोच आणि आवाज ह्यांचे वर्णन करावे. घरट्याजवळ जाऊ नये. अंडी व पिले ह्यांस हात लावू नये. वर्षभराची अशी वही तयार झाली, म्हणजे आपल्या परिसरात कोणता पाहुणा केव्हा येतो व केव्हा परततो हे कळू लागेल. पुढील वर्षी त्याची वाट पाहणे हाही ह्या छंदाचा एक आनंद होय.