गप्पांच्या सर्व्हरला आलेला अनोळखी प्रश्न

फ्लॅशच्या काळात मी गप्पांसाठी एक छोटा सर्व्हर लिहिला होता. चाचणीच्या दिवशी सर्वांच्या पडद्यावर एकच मजकूर उमटला : 'पॉलिसी-फाइल-रिक्वेस्ट'. मला वाटले, कुणीतरी खोडी काढली. प्रत्यक्षात फ्लॅश प्लेअरच विचारत होता, "कोणत्या संकेतस्थळांना तुमच्याशी बोलायची परवानगी आहे?" आणि माझ्या बावळट सर्व्हरने तो प्रश्न निरोप समजून सर्वांना वाटून टाकला!

एप्रिल २००८ च्या आवृत्तीपासून ही परवानगी सक्तीची झाली. प्लेअर आधी ८४३ क्रमांकाच्या पोर्टवर विचारी, तिथे उत्तर नसले तर गप्पांच्याच पोर्टवर. सर्व्हरने परवानगीचा मजकूर पाठवायचा, शेवटी शून्य बाइट लावायचा. मग गप्पांसाठी प्लेअर नवी जोडणी करी. कंटाळा करून अनेक जण परवानगीत नुसते तारकाचिन्ह लिहीत, म्हणजे 'कुणीही या'. मुलांच्या गप्पांना असे दार सताड उघडे ठेवणे कोणत्या पालकांना चालेल?

आता आपले स्वतःचे निरोप. 'नाव', 'बोल', 'निघालो' असे प्रकार आपणच ठरवायचे. न ठरवलेला प्रकार आला तर तो पुढे पाठवायचा नाही. खरी गोम वेगळीच आहे. सॉकेटमधून निरोप येत नाहीत, बाइट वाहत येतात. एका वाचनात अर्धा निरोप येईल, नाहीतर दोन एकदम. आपल्या मराठीला तर हे फार जाचते : यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, 'नमस्कार' २१. मध्येच तुकडा पडला की अक्षराऐवजी चौकोन दिसतात. म्हणून शून्य बाइट येईपर्यंत साठवायचे, मगच वाचायचे.

३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झाले. आता वेबसॉकेट आहे. निरोपाची लांबी त्यातच सांगितलेली असते. पण परवानगीचा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही! ब्राउझर 'ओरिजिन' या ओळीत स्थळाचे नाव कळवतो, तपासायचे सर्व्हरने. ती तपासणी विसरणारे आजही पुष्कळ आहेत.

घरी करून पाहा : साध्या सॉकेटवरून 'नमस्कार' एकेक बाइट करून पाठवा. शेवटचा शून्य बाइट मात्र मुद्दाम पाठवू नका. सर्व्हर किती वेळ थांबतो आणि तेवढ्यात इतरांचे निरोप पोहोचतात का, ते वहीत लिहून आणा.