मैत्रिणीमुळे मी अशी झाले का?

प्रश्न : अकोले तालुक्यात शाळेत असताना एका मैत्रिणीवर माझा फार जीव होता. ती वर्गात आली नाही, तर कशातच लक्ष लागायचं नाही. आता मी २१ वर्षांची आहे, नगरला शिकते. मला मुलीच आवडतात हे कळून चुकलंय. त्या मैत्रीमुळे मी अशी झाले का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाही. संगतीने कुणाचा लैंगिक कल बदलतो, याला पुरावा नाही. एकाच डब्यात जेवणाऱ्या, एसटीत एकमेकींसाठी जागा धरणाऱ्या, एकमेकींवाचून न करमणाऱ्या मुली गावोगाव असतात; त्यांतल्या बहुतेकींना पुढे पुरुषच आवडतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी अशा उत्कट मैत्रीचा अभ्यास केला आहे. कल कोणताही असो, अशी मैत्री जडू शकते आणि तिच्यात शारीरिक ओढ असेलच असं नाही. तुम्हाला आज ती मैत्रीण आठवते, कारण आपल्या मनाची पहिली चाहूल तुम्हाला तिच्या सहवासात लागली असेल.

मैत्रीचा प्रभाव पडतो तो वेगळ्या जागी. विश्वासाने सांगितलेली गोष्ट मैत्रिणीने हसण्यावारी नेली, गावभर केली, तर माणूस पुढची कित्येक वर्षं स्वतःशीसुद्धा खरं बोलत नाही. तिने नीट ऐकून घेतलं, तर तेच ओझं हलकं होतं. विजय तेंडुलकरांनी १९८१च्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात हेच मांडलं. रोहिणी हट्टंगडी यांनी रंगवलेली मित्रा मन मोकळं करते ते बापूजवळ. बापूचा तिच्यावर जीव असतो, तरी तो ऐकून घेतो, साथ देतो. पण भोवतालच्या जगात असा बापू एकच, आणि एकट्या बापूच्या बळावर मित्रा तगत नाही. मला हे नाटक फार जवळचं वाटतं ते यासाठी.

म्हणून एकीवर थांबू नका. सगळ्यांना सांगण्याची सक्ती मुळीच नाही. पण शब्द पोटात ठेवणारी दोन-तीन माणसं जोडा. फारच कोंडल्यासारखं झालं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तुमचं प्रेम गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितलं आहे. आणि कुणी ‘औषधाने बदलून देतो’ म्हणालं, तर त्या दारात पाऊल टाकू नका. असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच जाहीर केलं आहे.