जुनी रिग घेण्याआधी

डीलँड, फ्लोरिडा

चि. सायली,

स्कायडायव्हिंगचं ए लायसन्स मिळाल्याचं तुझ्या आईने कळवलं. फार आनंद झाला. आता तू कुणाचीतरी वापरलेली रिग, म्हणजे पॅराशूटचा अख्खा संच, विकत घ्यायला निघाली आहेस म्हणे, म्हणून घाईने लिहायला बसले. इतके दिवस पाठीवरचं सामान शाळेचं होतं आणि ते तपासणारी माणसंही शाळेची. यापुढे पहिली नजर तुझी असणार.

तीन रिंगा, तीन पट्टे, तीन हँडल, ही उडीआधीची तपासणी तुला तोंडपाठ आहे. पण थोड्याच दिवसांत तोंड बोलत राहतं, हात फिरत राहतात आणि डोळे काहीच पाहत नाहीत. म्हणून ज्या भागाला हात लागेल, तो हवेत काय काम करतो हे त्या क्षणी मनात आण.

खांद्यावरच्या रिंगांचंच घे. पूर्वी बिघडलेलं मेन पॅराशूट सोडायला दोन्ही खांद्यांवरच्या कड्या वेगवेगळ्या उघडाव्या लागत. सत्तरच्या दशकात बिल बूथ यांनी तीन रिंगांची रचना काढली आणि एकाच हँडलने दोन्ही बाजू सुटू लागल्या. त्यांची कंपनी इथे आमच्या डीलँडमध्येच आहे. मोठ्या रिंगेतून मधली, मधलीतून लहान, लहानीवरून दोरीचा फासा आणि त्या फाशातून पिवळी केबल, असा तो क्रम असतो. प्रत्येक टप्प्यावर ओढ कमी होत जाते, म्हणून तुझ्या अंगाचा सगळा भार लोंबत असतानाही केबल हाताने निघते. रिंग एकाऐवजी दोन रिंगांमधून ओवली गेली असेल, तर हा सगळा हिशेबच बिघडतो. केबल मळली की जड जाते, रिंगांमागची पट्टी बराच काळ न हलवल्यास ताठरते. महिन्यातून एकदा हे सोडवून, पुसून, पट्टी हाताने वळवून पुन्हा जोडायचं. पहिल्या वेळी रिगरला, म्हणजे पॅराशूटची देखभाल करणाऱ्या तज्ज्ञाला, शेजारी बसव.

छातीच्या पट्ट्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. तो बकलमधून जाऊन दांडीवरून मागे वळलेला हवा. न वळवता नुसता ओवला तरी जमिनीवर घट्टच वाटतो, लांबून बरोबरही दिसतो. पॅराशूट उघडतानाच्या हिसक्याला मात्र तो सरकतो आणि माणूस हार्नेसमधून बाहेर फेकला जाऊ शकतो. तिथे नजर पुरत नाही, बोट घालून पाहा.

पाठ वरून खाली तपासायची. आधी ऑटोमॅटिक यंत्र सुरू आहे ना, ते पाहा. सायप्रेस हे असंच यंत्र १९९१ साली आलं आणि त्याने कितीतरी जीव वाचवले. पण ते फक्त रिझर्व्हचा, म्हणजे राखीव पॅराशूटचा, फासा कापतं, तेही नेहमीच्या मॉडेलमध्ये साधारण साडेसातशे फुटांवर. मुक्त पतनात हजार फूट साडेपाच-सहा सेकंदांत सरतात. ते यंत्र आहे म्हणून बिघडलेलं मेन सोडण्याच्या निर्णयाची २,५०० फुटांची उंची ओलांडायची नाही. ते सुरू करायचं तेही जिथे उतरणार त्याच जमिनीवर, कारण तिथल्या हवेच्या दाबावरून ते उंची मोजतं. मग रिझर्व्हची पिन आणि रिगरचं सील. त्यानंतर मेनची पिन आणि तिचा फासा. फासा दहा टक्क्यांहून जास्त झिजलेला दिसला तर बदल. दोरीचा एवढासा तुकडा असतो तो, त्यात काटकसर करू नकोस. शेवटी ब्रायडलवरच्या, म्हणजे पायलट चूट जोडणाऱ्या पट्टीवरच्या, खिडकीत रंगीत खूण दिसते का बघ. ती दिसत नसेल तर घडी घालताना मेनला बाहेर ओढणारा छोटा पायलट चूट ताणायचा राहिला आहे. तो बाहेर जाईल, पण नीट फुगणार नाही.

ही तपासणी रिग अंगावर चढवण्याआधी, विमानात बसण्याआधी आणि दार उघडण्याआधी अशी तीनदा होते. तिसरी करायला लोक कंटाळतात. पण विमानात दाटीने बसताना पाठ घासते, पिन सरकते. दारात तुझं पॅराशूट अवेळी उघडून शेपटीला अडकलं तर विमानातल्या सगळ्यांचा जीव धोक्यात येतो. म्हणून पिन बघायला शेजारच्याला निःसंकोच सांग. दुसऱ्याच्या रिगला मात्र विचारल्याशिवाय हात लावू नकोस. मधेच कुणी बोलायला आलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू कर.

पुण्याच्या शीतल महाजनांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी घेतली. तुलाही तशी मारायची आहे, असं आई म्हणाली. पुढे जरूर मार. त्यांच्या मागे तेव्हा केवढा अनुभव होता, हे मात्र लक्षात घे. सैल कापड हँडलवर आलं की ऐन वेळी हातात हँडलऐवजी कापड येतं. सध्या हुडीसुद्धा नको.

आता खरेदीचं. अमेरिकेत रिझर्व्हची घडी दर १८० दिवसांनी रिगरकडून नव्याने घालून घ्यावी लागते आणि त्याची नोंद कार्डावर असते. ते कार्ड नीट वाच. ऑटोमॅटिक यंत्र कोणत्या साली बनलं, त्याची मुदत कधी संपते, हे पाहा. मेनच्या दोऱ्या स्पेक्ट्राच्या असतील तर त्यांवरून सरकणाऱ्या स्लायडरच्या घर्षणाच्या उष्णतेने त्या आखडतात, सुकाणूच्या दोऱ्या सर्वांत जास्त. म्हणून त्यांची लांबी मोजून घे. मेनइतकंच रिझर्व्हही तुझ्या वजनाला पुरेल असं हवं. विकणारा कितीही ओळखीचा असला तरी रिग तुझ्या रिगरकडे जाऊ दे, त्याने रिझर्व्ह उघडून पाहू दे आणि लेखी कळवू दे. तोवर पैसे देऊ नकोस. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आजच मला पाठव.

तुझी,
मावशी