लिंक किती वेळ बंद होती, हे ठरवायचं कसं?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या शाखा मुंबईच्या डेटा सेंटरला जोडलेल्या आहेत. वाटेत दोन कंपन्यांची नेटवर्क लागतात. मध्यंतरी केबल तुटली, तेव्हा काउंटरवरचं काम दोन-तीन मिनिटं ठप्प होतं. दोन्ही कंपन्या मात्र लेखी सांगतात, की त्यांची सेवा ५० मिलिसेकंदांत पूर्ववत झाली. खरं कोणाचं? — एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही तिघंही खरं सांगत असाल. प्रत्येकाने घड्याळ वेगळ्या ठिकाणी सुरू केलं आणि वेगळ्या ठिकाणी थांबवलं.

५० मिलिसेकंदांचा आकडा एसडीएच या फायबरवरच्या जुन्या तंत्राच्या जमान्यातला आहे. फायबरचं कडं एका जागी तुटलं, की वाहतूक उलट दिशेने वळवायची. आयटीयूच्या जी.८४१ शिफारशीत १,२०० किलोमीटरपर्यंतच्या कड्याला ही मर्यादा घातली आहे, आणि बिघाड ओळखण्याचा वेळ तिच्यात धरलेलाच नाही. आजही एकाच कंपनीच्या हद्दीत, पर्यायी वाट आधीच आखून ठेवली असेल, तर हे जमतं.

दोन कंपन्यांच्या सांध्यावर मात्र बीजीपीचा, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवण्याच्या प्रोटोकॉलचा, कारभार असतो. शेजारचा राउटर जिवंत आहे की नाही, हे तो अधूनमधून येणाऱ्या निरोपांवरून ठरवतो. निरोप थांबले तर किती वेळ वाट पाहायची? मूळ प्रमाणात सुचवलेला आकडा ९० सेकंदांचा आहे. कित्येक राउटरवर तो १८० असतो. केबल थेट राउटरमध्ये शिरत असेल तर प्रकाश गेल्याचं त्याला लगेच कळतं. मध्ये एखादा स्विच असेल, तर राउटरच्या बाजूचा दिवा हिरवाच राहतो आणि तो टायमर संपेपर्यंत मेलेल्या वाटेवर पॅकेट ढकलत बसतो. तुमची दोन-तीन मिनिटं बहुधा इथेच गेली.

त्यानंतरही बातमी नेटवर्कागणिक पसरायची असते. क्रेग लाबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षं इंटरनेटवर मुद्दाम मार्ग बंद-चालू करून हे तपासलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जायला सरासरी ३ मिनिटं आणि काही वेळा १५ मिनिटांपर्यंत लागल्याची नोंद आहे.

आता मोजणीकडे येऊ. सर्वांत भरवशाची पद्धत अगदी सोपी आहे: एका टोकाकडून ठरावीक वेगाने क्रमांक घातलेली पॅकेट सोडायची आणि दुसऱ्या टोकाला गहाळ क्रमांक मोजायचे. सेकंदाला १,००० पॅकेट सोडली, ४,२०० नंतर एकदम ४,२५१ उगवलं, तर मधली ५० गेली. म्हणजे ५० मिलिसेकंदांचा खंड. हरवलेली पॅकेट भागिले सोडण्याचा वेग, बस्स. मला ही पद्धत आवडते, कारण ती कोणत्याही कंपनीच्या आतल्या नोंदींवर विसंबत नाही. शिवाय दोन्ही टोकांची घड्याळं जुळवावी लागत नाहीत. वेळ नेमका कोणाच्या हद्दीत गेला हे हवं असेल, तेव्हाच सांध्यावर तिसरा मापक आणि जीपीएसने जुळवलेली घड्याळं लागतात. कंपन्या आपला आतला नकाशा एकमेकींना दाखवत नाहीत, म्हणून तो सांधा सहसा कोणीच मोजत नाही.

दोन सावधगिरी. गर्दीमुळे गळलेली पॅकेट बिघाडाच्या खात्यात टाकू नका. आधी सुरळीत लिंकवर गळती किती असते ते पाहून ठेवा. आणि जायची व यायची दिशा वेगवेगळी मोजा, कारण परतीची वाट कित्येकदा निराळ्या शहरांतून येते आणि सावरायला जास्त वेळ घेते.

सेकंदाला एक या नेहमीच्या पिंगवर तर अजिबात जाऊ नका. ५० मिलिसेकंदांचा खंड दोन पिंगांच्या मधून निसटतो आणि नोंदीत काहीच दिसत नाही.

पुढच्या करारात ‘शाखेपासून डेटा सेंटरपर्यंत, बिघाड ओळखण्याच्या वेळेसह’ असे शब्द घालून घ्या. सांध्यावर बीएफडी, म्हणजे शेजारी जिवंत आहे का हे झटपट तपासणारा प्रोटोकॉल, चालू आहे का, हेही दोघांना विचारा. ५० मिलिसेकंदांनी एक निरोप आणि सलग तीन चुकले की लिंक गेली, असं लावलं तर शेजारी गेल्याचं सुमारे १५० मिलिसेकंदांत कळतं. मग रविवारी, दोन्ही कंपन्यांचे इंजिनीअर हजर असताना, सांध्यावरची केबल स्वतः काढून मोजून बघा.