आधी टेबलावर, मग वावरात

गडचिरोलीत निवडणुकीच्या वेळी दुर्गम केंद्रांवर मतदान पथकं हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरने नेतात. त्याचे व्हिडिओ इकडे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवतीतल्या पोरांच्या मोबाइलवर फिरत असतात. त्यामुळे मी रिमोटचं हेलिकॉप्टर घेऊन बाहेर पडलो, की कोलामगुड्यातली पोरंसुद्धा धावत येतात आणि लगेच म्हणतात, "सर, उडवा ना!" उडवणं हा या छंदाचा शेवटचा आणि छोटा भाग आहे. खरं काम घरात, टेबलावर होतं. माझं यंत्र ४५० आकाराचं, ३२५ मिलिमीटर पात्यांचं. माणिकगड पहाडावर राहून ते जुळवताना जे हाती लागलं, ते सांगतो.

१. पाती उतरवा, मोटरच्या तारा सोडवा.

सेटिंगला बसताना मोटरच्या तीन तारांपैकी दोन काढून ठेवायच्या. पंखा मिनिटाला २,८०० फेरे घेतो, तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३५० किलोमीटरच्या वर जातो. बॅटरी लावताना नकळत थ्रॉटल वर राहिला, तर समोर हात असतो. सुरू करताना आधी ट्रान्समीटर आणि मग बॅटरी, बंद करताना आधी बॅटरी. बघायला मुलं जमतात त्या घरात हा नियम एकदाही मोडू नये.

२. यंत्राची चूक ट्रान्समीटरने झाकू नका.

माझं सगळ्यांत ठाम मत हेच. आजच्या ट्रान्समीटरमध्ये ट्रिम, सबट्रिम, एंडपॉइंट असं सगळं असतं. पात्यांचा कोन बदलणारी तबकडी, म्हणजे स्वॅशप्लेट, थोडी तिरकी दिसली, की दोन बटणं दाबून ती सरळ करण्याचा मोह होतो. त्या क्षणी ती सरळ दिसते. पण तिला हलवणाऱ्या छोट्या मोटरचा, म्हणजे सर्व्होचा, आर्म काटकोनात नसेल, तर तो वर जितका सरकतो तितका खाली सरकत नाही, आणि पिच, म्हणजे पात्यांचा कोन, वाढवताना स्वॅशप्लेट पुन्हा तिरकी होते. हवेत हेलिकॉप्टर विनाकारण एका बाजूला ओढतं आणि आपण वाऱ्याला दोष देतो.

म्हणून स्टिक बरोबर मध्यावर, सगळे ट्रिम शून्यावर आणि तिन्ही सर्व्होंचे आर्म लिंकशी काटकोनात, इथून सुरुवात. आर्म नेमका काटकोनात बसत नसेल, तर एक युक्ती आहे. फुटाबा पद्धतीच्या सर्व्होच्या दांड्यावर २५ दाते असतात. चार हातांचा फुलीसारखा हॉर्न घेतला, तर २५ ला ४ ने भाग जात नसल्यामुळे त्याचा प्रत्येक हात जरा वेगळ्या कोनात बसतो. एक दाता सरकवला, की कोन १४.४ अंशांनी बदलतो. पण हॉर्नचे हात बदलून पाहिले, तर हाच फरक ३.६ अंशांच्या पायरीवर येतो. चारांतला सर्वांत सरळ बसेल तो हात ठेवायचा, बाकीचे तीन कापायचे. उरलेल्या केसभर फरकासाठी सबट्रिम आहेच.

मग लिंकची लांबी अशी करायची, की मध्यावर पिच गेज शून्य दाखवेल. नवशिक्याला वर ९-१० अंश आणि खाली २-३ अंश पुरतात. हवेत स्थिर राहायला साधारण ५-६ अंश लागतात.

१९७० च्या सुमारास जर्मनीत डीटर श्ल्युटर यांनी रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर खऱ्या अर्थाने उडवून दाखवलं. त्या काळी जायरोही नव्हता. जी काही स्थिरता होती, ती पंख्याच्या डोक्यातल्या दांड्या आणि लिंक यांच्या जुळणीतून आली. माझा यंत्रावरचा भरवसा तिथून आला आहे.

३. पात्यांचा तोल पाहा.

मध्यापासून ३० सेंटिमीटरवर एका पात्यात फक्त १ ग्रॅम जास्त असेल, तर २,८०० फेऱ्यांना ते दांड्याला सुमारे अडीच किलोच्या जोराने बाहेर ओढतं. सगळं हेलिकॉप्टर किलोभरही नसतं. एमआय-१७ चा पंखा मिनिटाला २०० फेरेही घेत नाही, आपला मात्र २,८०० घेतो, म्हणून आपल्याकडे एवढा काटेकोरपणा लागतो. दोन्ही पात्यांचा गुरुत्वमध्य आधी जुळवा. नंतर ती बुंध्याशी एकत्र बोल्ट करून टांगा आणि हलक्या पात्याला टेपचा तुकडा लावा.

४. धातूत धातू असेल तिथेच थ्रेडलॉक.

निळं, मध्यम ताकदीचं, थेंबभर. प्लॅस्टिकला लावू नये, ते तडकतं. बॉल लिंक स्वतःच्या वजनाने खाली पडेल इतकी मोकळी हवी. मोटरचा पिनियन आणि मोठा गिअर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळा, मग पट्टी ओढून काढा. बरोबर तेवढी फट राहते.

५. जायरो हाताने फिरवून तपासा.

हेलिकॉप्टर हातात धरून नाक उजवीकडे वळवा. शेपटीचा सर्व्हो नाक डावीकडे आणायला हलला पाहिजे. पुढे झुकवलं, तर फ्लायबारलेस यंत्रणेने स्वॅशप्लेट मागे झुकवली पाहिजे. दिशा उलटी असेल, तर यंत्र जमीन सोडताच गरगर फिरून आपटतं. दोन मिनिटांचं हे काम. पहाडावर राहणाऱ्याने तर चुकवूच नये. मोडलेला एक दांडा नागपूर किंवा हैदराबादहून मागवायचा म्हणजे किती दिवस वाट बघायची!

६. आमच्या जिल्ह्याचा उन्हाळा हिशेबात धरा.

१५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवा सुमारे ९ टक्के विरळ होते, पहाडाची उंची वेगळी. थंडीत ज्या पिचवर हेलिकॉप्टर शांत उभं राहायचं, तिथे मे महिन्यात जास्त पिच लागतं आणि मोटर जास्त करंट खाते. मी उन्हाळ्यात दिवस उगवतानाच उडवतो. लिपो बॅटरी गाडीच्या डिक्कीत किंवा टिनाच्या खोलीत ठेवू नये, ती फुगते. गरम बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जरला लावू नये. पूर्ण चार्ज म्हणजे सेलला ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर आणून ठेवा.

७. जागा आणि परवानगी.

कपाशीची उलंगवाडी झाली, पऱ्हाटी उपटली, की धुऱ्यापासून दूर सपाट वावर मिळतं. मालकाला विचारा. ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदासाठीच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे: २५ किलोपर्यंत वजन आणि कायम नजरेच्या टप्प्यात. डिजिटल स्काय नकाशावर हिरव्या भागात ४०० फुटांची मर्यादा दिसते. तरी या भागात पोलीस ठाण्याला आधी सांगावं. सुरक्षेचे स्थानिक आदेश वेगळे असू शकतात. जंगलाच्या कडेला उडवू नये. जनावरं बिचकतात.

८. पहिलं उड्डाण.

आडव्या दांड्या आणि टोकांना हलके गोळे असलेले सरावाचे पाय लावा. शेपूट आपल्याकडे ठेवा आणि बघणाऱ्यांना निदान पंधरा-वीस पावलं मागे उभं करा. एका पात्याला लाल टेप, दुसऱ्याला पांढरी. यंत्र फिरू लागलं, की लांबून टोकांकडे बघा. दोन रंगांच्या दोन रेषा दिसल्या, तर यंत्र थांबवून वरच्या पात्याची लिंक अर्धा फेरा फिरवा आणि परत बघा, रेषा एक होईपर्यंत. मग उचला. जमिनीलगत स्वतःच्याच वाऱ्याने ते डुलतं, तेव्हा तिथे रेंगाळू नका. कमरेएवढ्या उंचीवर न्या. तीन-चार मिनिटांत उतरवा. बॅटरी काढून मोटरला हात लावा. बोट ठेववत नसेल, तर गिअरची फट आणि शेपटीच्या पट्ट्याचा ताण तपासा. प्रत्येक स्क्रू पाना लावून पाहा, मगच दुसरी बॅटरी लावा.