घटक ४ : क्रमिकेची ऊर्ध्व सीमा व अधःसीमा

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला ऊर्ध्व सीमा व लघुतम उपरिबंध यांतील फरक सांगता येईल आणि क्रमिका अभिसारी आहे की नाही हे ठरवता येईल.

४.२ प्रास्ताविक
भंडारा शहराजवळून वाहणारी वैनगंगा पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात उतरते. अशा चढउताराला एकच सीमा नसते. तरीही तो अखेर कोणत्या दोन संख्यांच्या आसपास वावरतो, हे विचारता येते.

४.३ विवेचन
एक कल्पित नदी घ्या. न-व्या वर्षी तिची पावसाळी पातळी ८ + १/न मीटर व उन्हाळी पातळी २ − १/न मीटर आहे. क्रमिका अशी : ९, १, ८.५, १.५, …

सर्व पदांचा लघुतम उपरिबंध ९ आहे. पहिले वर्ष वगळल्यास तो ८.५ होतो. आणखी वर्षे वगळत गेल्यास हे बंध उतरत ८ कडे जातात. ही ८ संख्या म्हणजे ऊर्ध्व सीमा. त्याचप्रमाणे महत्तम अधोबंध १, १.५ असे चढत २ कडे जातात. ही २ संख्या म्हणजे अधःसीमा.

परिबद्ध क्रमिकेला या दोन्ही सीमा नेहमी असतात. त्या समान असतील तरच क्रमिका अभिसारी असते. येथे त्या भिन्न आहेत. म्हणून क्रमिका अभिसारी नाही.

४.४ लक्षात ठेवा
ऊर्ध्व सीमा हा उपरिबंध असेलच असे नाही. वरील प्रत्येक पावसाळी पद ८ पेक्षा मोठेच आहे. मात्र ८.०१ पेक्षा मोठी पदे केवळ ९९ आहेत, तर ७.९९ पेक्षा मोठी पदे अनंत आहेत.

सान्त पदे बदलल्याने ऊर्ध्व सीमा बदलत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला. अनंत क्रमिकेतील असे एखादे पद कितीही मोठे असले, तरी ऊर्ध्व सीमेवर त्याचा परिणाम होत नाही. घराचे जोते किती उंच बांधावे, हे ठरवताना मात्र तेच पद निर्णायक ठरते. शिवाय नदीच्या नोंदी सान्त असतात. त्यांवरून महत्तम नोंद कळते, ऊर्ध्व सीमा नव्हे. म्हणून प्रश्न कोणता आहे, हे आधी ठरवा.

४.५ स्वयंअध्ययन प्रश्न
१. न-वे पद (−१)^न × (१ + १/न) असलेल्या क्रमिकेचे दोन्ही बंध व दोन्ही सीमा काढा.
२. तिचे पहिले पद १०० केल्यास काय बदलेल?

उत्तरे : (१) लघुतम उपरिबंध ३/२, महत्तम अधोबंध −२, ऊर्ध्व सीमा १, अधःसीमा −१. (२) बंध अनुक्रमे १०० व −४/३ होतील. सीमा त्याच राहतील.